पूल होत असताना गलबतानं जायचं कुठून?

लंडनला थेम्स नदीवरच्या एखाद्या पुलाखाली दुरुस्तीचं काम निघालं आणि त्यापायी एखाद्या गाळ्याखालची मोकळी उंची नेहमीपेक्षा कमी झाली, तर त्या गाळ्यातून पेंढ्याचा एक भला मोठा भारा दोरानं खाली टांगायचा, असा नियम आहे. रात्री त्याच जागी पांढरा दिवा. नियम फार जुना आहे, पण मेलेला नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मिलेनियम ब्रिज या पादचारी पुलाची डागडुजी चालू होती, तेव्हा त्या चकचकीत पोलादी पुलाखाली पेंढ्याचा भारा लोंबत होता. वर्तमानपत्रांनी गंमत म्हणून त्याची छायाचित्रं छापली.

मला ते छायाचित्र पाहून गंमत वाटली नाही. आमच्या खाडीवर कुणी एक भारा टांगला असता, तर आमच्या घरातलं पुढचं बरंच काही वेगळं झालं असतं.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, गलबतावर तांडेल होते. गलबत त्यांच्या मालकीचं नव्हतं, चार आणे भाग होता. मंगलोरी कौलं भरून वर खाडीत जायचं आणि परतताना जळाऊ लाकूड आणायचं. १९७७ साली आमच्या खाडीवर पुलाचं काम सुरू झालं. मी नऊ वर्षांचा होतो. खांब पाण्याबाहेर आले, भोवती बल्ल्यांची मचाणं बांधली गेली, आणि एका रात्रीत दोन खांबांच्या मध्ये, काँक्रीटची घमेली नेण्यासाठी, तारेचा दोर ताणला गेला. दिवा नाही, फडकं नाही. पहाटेच्या ओहोटीला आबा लाकूड भरून खाली येत होते. त्यांना काळोखात मचाणाचा आकार दिसत होता, पण तार दिसणं शक्य नव्हतं. डोलकाठीचा शेंडा तारेत अडकला आणि काठी मध्यावर मोडली. एका खलाशाचा खांदा निखळला. गलबत उलटलं नाही, कारण आबांनी पूल जवळ येताच नांगर सोडला होता आणि ते तो घसटत, उलट्या तोंडानं, सावकाश येत होते. ही नांगर घसटण्याची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

भरपाईचा अर्ज केला. उत्तर आलं की कागदपत्रांप्रमाणे सदर खाडीत शिडाच्या जहाजांची वाहतूक नाही. वाहतूक नसलेल्या खाडीत मोडलेल्या डोलकाठीची भरपाई कशी देणार? उत्तर तर्कशुद्ध होतं, एवढं मान्य करायला हवं.

मी काही शिकलेला संशोधक नाही. आयटीआय करून मुंबईत फिटर झालो, पंप आणि हायड्रॉलिक प्रेस दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं. रविवारी ग्रंथालयं आणि रद्दीची दुकानं. जुन्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत टॉवर ब्रिजच्या पंपांची चित्रं पहिल्यांदा पाहिली ती धंद्याच्या कुतूहलानं. हळूहळू लक्षात आलं, की जो प्रश्न आमच्या खाडीवर कुणी विचारलाच नाही, तो त्या पुलाच्या बाबतीत कुदळ पडण्याआधीच विचारला गेला होता. पूल उभा राहत असताना शिडाच्या होड्यांनी जायचं कुठून? त्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात फुटांमध्ये लिहिलं होतं.

उन्नीसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या पूर्व भागात वस्ती अफाट वाढली होती, पण नदी ओलांडायची तर सगळ्यांना पश्चिमेला लंडन ब्रिजवर यावं लागे. त्याच्या खाली, म्हणजे समुद्राच्या बाजूला, पूल नव्हता. पूल बांधा, असं सगळेच म्हणत होते. अडचण अशी, की लंडन ब्रिज आणि टॉवरचा किल्ला यांच्यामधला नदीचा पट्टा हेच लंडनचं जुनं बंदर होतं. त्याला ‘अपर पूल’ म्हणत. इथे ‘पूल’ म्हणजे डोह, आपला पूल नव्हे. मराठीत लिहिताना हा घोळ होतोच, वाचकांनी सांभाळून घ्यावं. या डोहाच्या दोन्ही काठांना वखारी होत्या आणि उंच डोलकाठ्यांची जहाजं थेट तिथवर येत. खाली बसका पूल बांधला की बंदर बंद. उंच बांधावा तर घोडागाड्यांना चढण इतकी, की चढवण्यासाठी दोन्ही काठांवर मैलभर रस्ता उचलावा लागणार.

१८७६ साली नगरपालिकेनं या प्रश्नासाठी समिती नेमली. पन्नासाहून अधिक आराखडे आले. लंडनच्या भुयारी गटारांमुळे ख्यातनाम झालेल्या जोसेफ बॅझलगेटचा आराखडाही होता. खाली पुरेशी मोकळी उंची राहत नाही म्हणून तो मागे पडला. एवढा मोठा माणूस आणि त्याचं चित्र डोलकाठ्यांपायी नाकारलं जातं, हे वाचून मला त्या रात्री चांगली झोप लागली. अखेर १८८४ मध्ये नगर-वास्तुविशारद होरेस जोन्स आणि इंजिनिअर जॉन वुल्फ बॅरी यांचा उघडणारा पूल पसंत पडला आणि १८८५ मध्ये पार्लमेंटनं खास कायदा केला. मधला गाळा २०० फूट रुंद. पूल उघडा असताना पाण्यावर १३५ फूट मोकळी उंची. जहाजाकडून पैसा घ्यायचा नाही. आणि बांधकाम चालू असताना, सर्व काळ, १६० फूट रुंदीची वाट नदीत मोकळी राहिलीच पाहिजे.

हे शेवटचं वाक्य म्हणजे या लेखाचा विषय आहे.

आकडे मांडून पाहू. पुलाच्या जागी नदी सुमारे ८८० फूट रुंद. मधला गाळा २०० फूट, दोन्ही बाजूंचे कायमचे गाळे प्रत्येकी २७०, आणि नदीतले दोन खांब प्रत्येकी ७० फूट जाड. सत्तर फूट! एवढा जाडजूड खांब कशाला, तर पूल ज्या पद्धतीनं उघडतो तिच्यामुळे. ‘बॅस्क्यूल’ हा फ्रेंच शब्द, अर्थ सीसॉ. बागेतल्या सीसॉसारखी रस्त्याची फळी खांबात आसावर टेकलेली असते. तिचं नदीकडचं टोक लांब आणि काठाकडचं आखूड. आखूड टोकाला शिसं आणि लोखंड यांचं शेकडो टनांचं वजन बांधलेलं असतं, म्हणजे दोन्ही बाजू तोलात राहतात. एक फळी हजार टनांवर भरते, पण तोल साधलेला असल्यामुळे उचलायला फार जोर लागत नाही. फक्त, लांब टोक वर गेलं की वजनाचं आखूड टोक खाली येणार. त्याला खाली यायला जागा हवी, म्हणून खांबाच्या पोटात मोठी तळघरं ठेवावी लागली. तळघरामुळे खांब जाड आणि खांब जाड झाल्यामुळे नदी अरुंद.

नदी अरुंद झाली की काय होतं, ते पऱ्ह्याच्या काठी वाढलेल्या कुणालाही ठाऊक असतं. जितकं पाणी वरून येतं तितकंच खालून गेलं पाहिजे, तेव्हा वाट लहान झाली की पाणी धावतं. ८८० पैकी १४० फूट खांबांनी घेतले, म्हणजे जवळपास १६ टक्के. खोली सारखीच धरली तर वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. हा झाला पुरा पूल. बांधकाम चालू असताना खांबाभोवती मचाणं, त्यांना बांधलेले पडाव, माती काढणारी यंत्रं. समजा प्रत्येक खांबाच्या कामानं ७० ऐवजी ११० फूट अडवले, तर एक चतुर्थांश नदी बंद, आणि वेग एक तृतीयांशानं वाढला. पाण्याचा मारा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तो पावणेदोन पट झाला. हा माझा फिटरचा हिशेब आहे, खऱ्या नदीत तळ वरखाली असतो, पाणी खांबामागे तुंबतं. पण होडीवाल्याला जे जाणवतं ते या हिशेबाच्या आसपासच असतं. म्हणून अर्धवट बांधलेला पूल हा बांधून झालेल्या पुलापेक्षा अवघड. पुऱ्या पुलाचं पाणी एकदा कळलं की कळलं. अर्धवट पुलाचं पाणी दर महिन्याला बदलतं, काल जिथे भोवरा नव्हता तिथे आज असतो.

कायद्यातल्या त्या १६० फुटांनी इंजिनिअरांचे हात बांधले. दोन्ही खांबांचं काम एकदमच सर्व ताकदीनं काढावं, तर मचाणांनी ती वाट बुजते. म्हणून काम मागेपुढे करत न्यावं लागलं. पायाची पद्धतही त्याला धरूनच होती. नदी अडवून मोठा बांध घालण्याऐवजी तळ नसलेल्या लोखंडी पेट्या नदीत उतरवल्या. इंजिनिअर त्यांना केसॉन म्हणतात. एका खांबाला बारा पेट्या, लांब बाजूंना चार-चार चौकोनी, प्रत्येक २८ फुटांची, आणि दोन्ही टोकांना जोडीजोडीनं त्रिकोणी. आत पाणबुडे उतरून माती उकरत, पेटी आपल्या वजनानं खाली रुतत जाई. पेटी चिकणमातीत पुरेशी शिरली की पाणी उपसायचं आणि आत काँक्रीट भरायचं. २१ जून १८८६ रोजी पायाचा दगड बसला. चार वर्षांत काम उरकेल असा अंदाज होता, ३० जून १८९४ रोजी उद्घाटन झालं. आठ वर्षं. सगळा उशीर त्या वाटेमुळे झाला असं म्हणणं अन्यायाचं होईल, पण ती वाट सोडली नाही, हे खरं. जोन्स १८८७ मध्येच वारला, त्यानं खांब पाण्याबाहेर आलेलेही धड पाहिले नाहीत.

खांब झाल्यावर लोखंडी सांगाडे उभे राहिले. पाहणाऱ्याला दगडी वाटणारे ते मनोरे आतून पोलादाचे आहेत, दगड वरून चढवला आहे. दोन मनोऱ्यांना जोडणारे उंचावरचे पादचारी मार्ग बांधताना नदीत एकही आधार टेकवायचा नव्हता. तेव्हा दोन्ही मनोऱ्यांवरून हात पुढे करावेत तसे ते थोडे थोडे पुढे वाढवत नेले आणि मधोमध जोडले. खालून जहाजं जातच होती. मग फळ्या. त्या आडव्या बांधाव्यात हे सरळ, पण आडवी फळी म्हणजे बंद नदी. म्हणून त्या उभ्या बांधल्या, जणू पूल आधीच उघडलेला आहे अशा. पुलाची पहिली अवस्था उघडी होती आणि बंद व्हायला तो नंतर शिकला. मला या सबंध कामातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते. त्या बांधकामात दहा माणसं मेली असं नोंदवलेलं आहे. मनोऱ्यांची चित्रं पाहताना तेही ध्यानात असावं.

आता होडीत बसू. थेम्सवर त्या काळी मोठी शिडाची जहाजं वाफेच्या टगला बांधून वर आणली जात. त्यांच्यापुरता प्रश्न टगवाल्याचा होता. खरा कस लागे तो नदीच्या मालवाहू पडावांचा. थेम्सचा शिडाचा पडाव, म्हणजे त्यांची बार्ज, ऐंशी-नव्वद फूट लांब, बुडाला सपाट, तांबडट तपकिरी शिडाची, आणि एवढी मोठी होडी हाकायला माणसं दोन. फार तर दोन माणसं आणि एक पोर. तिचं शीड आपल्यासारखं परबाणाला बांधलेलं नसतं. डोलकाठीच्या बुडापासून शिडाच्या वरच्या टोकापर्यंत एक तिरपा वासा जातो आणि तो शीड पसरून धरतो.

या होडीची खुबी डोलकाठीच्या बुडाशी आहे. आपल्या गलबताची काठी तळापर्यंत रोवलेली असते, ती वाटेत उतरवणं अशक्य. बार्जची काठी डेकवरच्या लोखंडी खोबणीत उभी असते आणि बिजागरीसारखी मागे पडू शकते. पुढून तिला धरणारा दोर कप्प्यांतून नाळेवरच्या रहाटाला येतो. रहाट सोडत गेलं की काठी, तिरपा वासा, शीड, सगळा डोलारा मागे आडवा होतो. पूल गेला की रहाट फिरवून पुन्हा उभा. उतरवणं सोपं, उभं करणं म्हणजे काही टन वजन हातानं वर घेणं. त्यासाठी पुलांच्या आसपास काही माणसं छोट्या होडीत वाट पाहत बसत, ठरलेल्या मजुरीवर चढत, रहाटाला हात लावत आणि उतरून जात. त्यांना हफलर म्हणत. वाट दाखवणं हेही त्यांचंच काम, कारण त्या एका पुलाचं पाणी ते रोज बघत. बांधकाम चालू असलेल्या पुलापाशी असा माणूस सोन्याच्या मोलाचा.

पुलाजवळ वारा फसवतो. खांब आणि मनोरे वाऱ्याच्या आड येतात. नेमकं गाळ्यात शिरताना शीड लुळं पडतं आणि बाहेर येताना एकदम भरतं. म्हणून शहाणा माणूस पुलाखालून शिडाच्या भरवशावर जात नाही, पाण्याच्या भरवशावर जातो. पण पाण्याबरोबर नुसतं वाहत जाणं हेही धोक्याचं, आणि का ते नीट समजून घेण्यासारखं आहे. सुकाणू काम करतं ते त्याच्यावरून पाणी वाहत असेल तरच. होडी पाण्याच्याच वेगानं वाहत असेल, तर होडीच्या लेखी पाणी स्थिर असतं. सुकाणू कितीही फिरवा, ते मेलेलं. काठावरून बघणाऱ्याला होडी तीन नॉटनं, म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटरनं धावताना दिसते, आणि तांडेलाच्या हातात मात्र काही नसतं.

तेव्हा होडी पाण्यापेक्षा जलद तरी हवी, नाही तर मंद तरी. जलद करायला शीड किंवा वल्ही लागतात. मंद करायला नांगर पुरतो. थेम्सचे बार्जवाले पूल जवळ आला की होडीची नाळ प्रवाहाच्या दिशेला, म्हणजे आल्या वाटेकडे, वळवत आणि नांगर एवढाच सोडत की तो तळाला रुतू नये, नुसता घसटत यावा. पाणी तीन नॉटनं चाललंय, होडी दीड नॉटनं मागे मागे सरकतेय, म्हणजे नाळेकडून सुकाणूकडे दीड नॉटचा प्रवाह वाहतोय. सुकाणू जिवंत झालं. आता ते जरा एका बाजूला धरलं की नाळ तिरकी होते, पाणी तिच्या एका कुशीवर दाब देतं आणि सबंध होडी आडवी सरकते. दोर थोडा सोडला की मंद, थोडा ओढला की जलद, पुरा सोडला की जागच्या जागी उभी. शंभर टनांचा माल घेऊन दोन माणसं असं उलट पावली खांबांमधून जात.

हे वर्णन मी १९९८ मध्ये एका फाटक्या इंग्रजी पुस्तकात वाचलं, ते दादर स्टेशनवर लोकलची वाट पाहत. तीन गाड्या सोडल्या. आबांनी १९७७ च्या त्या पहाटे हेच केलं होतं. त्यांना थेम्स कुठे आहे ठाऊक नव्हतं, आणि थेम्सवाल्यांना आमची खाडी. त्या आठवड्यात मी गावी गेलो आणि त्यांना पुस्तकातलं चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “ह्यानं दोर फार सोडलाय रे.”

वेळेचा हिशेब राहिला. लंडनला उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत साधारण साडेसहा मीटरचा फरक पडतो. मुंबईहूनही जास्त. टॉवर ब्रिज बंद असताना उधाणाच्या भरतीला खाली ८.६ मीटर मोकळी उंची राहते. याचा अर्थ ओहोटीला तीच पंधरा मीटरच्या आसपास जाते. बारा मीटर काठीची होडी भरतीला अडकेल आणि ओहोटीला खुशाल जाईल. मात्र ओहोटीला बाजूच्या गाळ्यांत खोली कमी असते, तेव्हा वर वाचवायला जावं तर खाली टेकायची भीती. नकाशावर पुलाची उंची देतात ती भरतीची, सर्वांत वाईट स्थितीतली. बांधकाम चालू असताना हा आकडाच विश्वासाचा राहत नाही, कारण पुलाखाली काय लोंबतंय ते नकाशाला माहीत नसतं. पेंढ्याचा भारा नेमकं एवढंच सांगतो, की आज नकाशावर विसंबू नका. आणि तो पेंढ्याचा का? माझा तर्क असा, की पेंढा नदीकाठी कुठेही मिळे, लांबून दिसे, आणि काठीला लागलाच तर काही मोडत नसे. गाळा पुराच बंद असेल तर भारा नव्हे, तीन तांबड्या चकत्या लावतात, त्रिकोणात, टोक खाली करून.

पूल पुरा झाल्यावर खुणांची आणखी शिस्त आली. दिवसा तांबडे सिग्नल, रात्री दोन तांबडे दिवे म्हणजे बंद आणि दोन हिरवे म्हणजे उघडा. धुक्यात घंटा. जहाजानंही उंचावर दोन फूट व्यासाचा काळा गोळा लावून पूल उघडण्याची मागणी करायची, रात्री दोन तांबडे दिवे. पुलाच्याच मधोमध वरून काळा गोळा लोंबला तर समजायचं की आज यंत्र बिघडलंय, पूल उघडणार नाही. वाफेच्या इंजिनांनी पाणी उपसून मोठ्या सिलिंडरांत वजनाखाली दाबून ठेवलेलं असे. मागणी आली की तेच दाबलेलं पाणी फळ्या उचली. माझ्या प्रेसचीच मोठी आवृत्ती. पहिल्याच वर्षात पूल सहा हजारांहून अधिक वेळा उघडला. १९७६ मध्ये वाफ गेली, तेल आणि वीज आली, नियम मात्र तोच राहिला. आजही तीस फुटांहून उंच काठीच्या होडीनं चोवीस तास आधी कळवावं, पूल फुकट उघडतो. मे १९९७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांचा मोटारींचा ताफा पुलावरून चालला होता. ठरलेल्या वेळी ‘ग्लॅडिस’ नावाची जुनी शिडाची बार्ज आली, पूल उघडला आणि ताफ्याचे दोन तुकडे झाले. होडीची वेळ आधी नोंदवलेली होती.

आपल्या देशात हा प्रश्न अगदी परवापरवा पुन्हा उभा राहिला, रामेश्वरच्या वाटेवर पांबनला. तिथला जुना रेल्वेपूल १९१४ चा. त्याचा मधला गाळा दोन्ही बाजूंनी उचलला जाई, आणि तोही माणसांनी हातानं दांडे फिरवून. शेजारी नवा पूल झाला आणि ६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाला. त्याचा ७२.५ मीटर लांबीचा गाळा सीसॉसारखा कलत नाही, लिफ्टसारखा सपाटच १७ मीटर वर जातो. ती नदी नव्हे, सामुद्रधुनी, आणि वारा असा, की पन्नासेक किलोमीटरच्या वेगावर गेला की जुन्या पुलावर गाड्याच थांबवत. तो गाळा काठाकडे जुळवून नंतर हळूहळू सरकवत जागेवर नेला. बोटींची वाट अडवून तिथेच बांधला नाही.

आमच्या खाडीवरचा पूल १९८० मध्ये झाला. तो उघडत नाही. भरतीला त्याच्याखाली सहा मीटर उंची राहते, मीच खांबावर रंगानं खुणा करून दोन उधाणं मोजली आहे. आबांच्या गलबताची काठी चौदा मीटरची होती. नवी काठी घालून ते आणखी तीन वर्षं चाललं, पण पुलाच्या खालच्याच अंगाला. वरच्या बंदरातली कौलांची वखार पुलावरून येणाऱ्या ट्रकांवर चालू लागली. पूल नको होता असं आबा कधी म्हणाले नाहीत. माझी धाकटी बहीण त्याच पुलावरून दवाखान्यात वेळेवर पोचली.

दोन वर्षांपूर्वी मुलाकडे गेलो होतो तेव्हा टॉवर ब्रिज पाहिला. तिथल्या फळ्या पाच-दहा मिनिटं उघड्या राहिल्या, खालून एक जुनी बार्ज गेली, सहलीला आलेली माणसं भरलेली. काठी उभीच होती, उतरवायची गरज नव्हती. दोन्ही बाजूंना मोटारी, बस, सायकली थांबून होत्या. मी मुलाला घड्याळ धरायला सांगितलं आणि स्वतः होडीच्या सुकाणूकडे पाहत राहिलो. पुलाच्या खांबाशी येताच पाण्यानं तिला उजवीकडे जरा ओढलंच, आणि सुकाण्यानं ते आधीच धरून ठेवलं होतं.